कोननी जिंदगी?

गाडीचे ब्रेक पॅड बदलून झाले की आमचा मिस्तरी जुना जोड गिऱ्हाइकाच्या हातात ठेवतो. "देखी ल्या, ताई." त्याची ही जुनी सवय. लोखंडी पाटी, तिच्यावर चिकटवलेला काळपट थर, आणि तो थर आता नखाएवढा उरलेला. नव्या जोडावर हाच थर दहा-अकरा मिलिमीटरचा असतो, तीनवर आला की बदलायचा. माझ्या हातातला त्याच्याही खाली गेला होता. गेला आठवडाभर ब्रेक दाबला की पुढच्या चाकातून पितळी भांडं घासल्यासारखा किंचाळणारा आवाज यायचा तो यामुळेच. पॅडला एक छोटी पत्र्याची जीभ मुद्दाम ठेवलेली असते, थर संपत आला की ती चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला टेकते आणि ओरडायला लागते. बोटांना काळी भुकटी लागली. त्या भुकटीला तापलेल्या तव्याचा आणि जळक्या रबराचा मिळून एक वास असतो, तो साबणाने लवकर जात नाही. शेजारी माझा मावसभाऊ उभा होता. तो ओहायोला असतो, डिसेंबरच्या सुट्टीत आलेला, आणि आम्ही खरं तर भरिताच्या पार्टीला शेतावर निघालो होतो. मी पैसे देताना त्याने बिलाकडे पाहिलं, पॅड आणि मजुरी मिळून 2000 च्या आसपास, आणि म्हणाला, "ताई, स्वस्त आहे गं. पण तिकडे मी एकदाच पैसे दिलेत. आता गाडी आहे तोवर पॅड फुकट. लाइफटाइम गॅरंटी."

मिस्तरी चाकाचे नट आवळत होता. मान वर न करता त्याने विचारलं, "लाइफटाइम म्हंजे कोननी जिंदगी, भाऊ? गाडीनी, मालकनी का दुकाननी?"

आम्ही हसलो आणि निघालो. पण शेतावर काट्याकुट्या पेटवून त्यात वांगी टाकली, पोरं मिरच्या-लसूण ठेचायला बसली, कळण्याच्या भाकरी थापल्या जाऊ लागल्या, आणि माझं डोकं त्या प्रश्नातच. भावाला बाजूला घेऊन मी हिशेबच मागितला. मी शाळेत गणित शिकवते, हा दोष तिथूनच आलेला. त्याने मोबाइलमध्ये पावत्या जपून ठेवल्या होत्या, कारण मूळ पावती नसेल तर गॅरंटी नाही. पहिल्या वेळचं बिल 300 डॉलरच्या पुढे. दोनेक वर्षांनी पॅड संपले तेव्हा तो ऐटीत गेला. तिथल्या माणसाने चाक काढलं, डिस्कची जाडी मोजली आणि सांगितलं, डिस्क किमान जाडीच्या खाली गेली आहे, अशा डिस्कवर आम्ही नवे पॅड बसवत नाही. बसवायचे असतील तर डिस्क बदला. डिस्कचे पैसे, मजुरी, शिवाय बारीकसारीक क्लिपा आणि ग्रीसचेही पैसे. 200 डॉलरहून जास्त गेले. "मग फुकट काय मिळालं?" मी विचारलं. "पॅड," तो म्हणाला. पॅडचा खोका तिकडे दुकानात 50 डॉलरला मिळतो. गंमत अशी की आपण फसलो असं त्याला जराही वाटत नव्हतं. उलट दर वेळी काहीतरी फुकट मिळाल्याचा आनंद चेहऱ्यावर होता, आणि तो मला त्या क्षणी हिरावून घ्यावासा वाटला नाही. मी भाकरीवर भरीत वाढून दिलं.

आमच्या चाळीसगावच्या माणसाला ब्रेक ही गोष्ट घाटापासून वेगळी काढताच येत नाही. मुलगी संभाजीनगरला शिकायला गेल्यापासून कन्नडचा घाट माझ्या पायात बसला आहे. जाताना काही नाही, गाडी धापा टाकत चढते. येताना खरी परीक्षा. वळणावर खाली गिरणा खोऱ्याचा सगळा सपाट मुलूख दिसतो, पावसाळ्यात तोही दिसत नाही, फक्त धुकं आणि पुढच्या गाडीचे लाल दिवे. अवजड गाड्यांना बंदी आल्यापासून घाट जरा मोकळा झाला, नाहीतर पूर्वी काचा बंद असल्या तरी ट्रकच्या तापलेल्या ब्रेक लायनरचा वास आत यायचा आणि मागच्या सीटवर सासूबाई पदर नाकाला लावून बसायच्या. ब्रेक गाडी थांबवतो म्हणजे गाडीच्या वेगाची उष्णता करतो, दुसरं काही करत नाही. वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. 40 वर असलेली गाडी थांबवणं आणि 80 वरची थांबवणं यात पॅडच्या दृष्टीने चौपटीचा फरक. म्हणून धुळे-जळगाव चौपदरी रस्त्यावर सरळ धावणाऱ्याचे पॅड तीन-चार वर्षं टिकतात आणि घाटात सतत पाय ब्रेकवर ठेवून उतरणाऱ्याचे वर्षाला संपतात. त्यात आपल्याकडची धूळ. पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या धुळीने जाम झाल्या की एकाच बाजूचा पॅड झिजतो आणि दुसरा नवाच्या नवा राहतो. मिस्तरी दर वेळी या पिना काढतो, पुसतो, ग्रीस लावतो. बिलात त्याचं वेगळं कलम नसतं.

वडिलांची कमांडर जीप होती, तिला चारही चाकांना ड्रम ब्रेक. ती पहिल्या पायाला कधी थांबायची नाही. "दोनदा मार," असं ते ड्रायव्हरला सांगायचे, म्हणजे ब्रेक पंप कर. दुसऱ्या वेळेला पेडल वर यायचं, तिसऱ्याला गाडी थांबायची, आणि हे इतकं नेहमीचं होतं की समोर बैलगाडी दिसली की आम्ही पोरं मागे बसून पाय मोजायचो. तो ड्रायव्हर डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करायचा, कधीकधी इंजिनही बंद करायचा. लालिंगच्या घाटात एकदा वडिलांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी त्याला चालत्या गाडीत जी शिवी दिली ती मी आजही घरात उच्चारू शकत नाही. गिअर काढला की इंजिनाची ओढ गेली, सगळा भार ब्रेकवर. हल्लीच्या गाड्यांत तर इंजिन बंद केलं की दोन-तीन पायांनंतर ब्रेकला मिळणारी व्हॅक्युमची मदतही संपते आणि पेडल दगडासारखं होतं. त्या जीपचे लायनर किती वेळा बदलले असतील, देव जाणे. मालेगावहून आणायचे, रिव्हेट मारून बसवायचे, ड्रम लेथवर घासून घ्यायचा. गॅरंटी हा शब्द त्या गाडीच्या संदर्भात मी कधी ऐकला नाही. "सध्या चालंल," एवढंच मिस्तरी म्हणायचे. आताच्या मिस्तरीचे ते वडील.

4 जुलै 2023 ला शिरपूरजवळ पळासनेरला मध्य प्रदेशातून धुळ्याकडे येणारा कंटेनर मुंबई-आग्रा रस्त्यावर गाड्यांना धडकत थेट हॉटेलात घुसला. किमान 10 माणसं गेली. ब्रेक निकामी झाल्याचं पोलिसांनी सांगितलं होतं. त्या रस्त्याने वर बिजासन घाटात गेलेल्या कुठल्याही माणसाला ही बातमी नवी वाटली नसणार. हॉटेलात चहा प्यायला थांबलेल्या लोकांचा ब्रेकशी काय संबंध होता? माझी मावशी शिरपूरची, तिने फोनवर फक्त एवढंच विचारलं होतं, "तुझी गाडी बरी शे ना गं?" पॅड झिजले की आवाज येतो, चार दिवसांची मुदत मिळते. ब्रेक निकामी होतो तो वेगळ्या वाटेने: ऑइल उकळून, पाइप फुटून, हवा गळून, किंवा सतत तापून तापून पॅडची पकडच सुटल्यावर. पाय पूर्ण दाबला तरी काही होत नाही. आयुष्यभराची गॅरंटी यातल्या कशालाही हात लावत नाही. ती झीज भरून देते. आणि पॅड झिजण्यासाठीच तयार केलेला असतो.

हे मी मिस्तरीला नंतर एकदा म्हटलं तर तो म्हणाला, "पॅड घसावाकरताच ऱ्हास. तो नही घसाना तं डिस्क घसाई." पॅड झिजला नाही तर डिस्क झिजेल, हे वाक्य मला बऱ्याच उशिरा कळलं. पॅड कशाचा बनवायचा याला मर्यादा आहेत. मऊ पॅड लवकर धरतो, आवाज करत नाही, पण आयुष्य कमी. कडक, धातूचं प्रमाण जास्त असलेला पॅड खूप टिकतो, पण थंड असताना धरायला आळशी, कुरकुर करणारा, आणि डिस्कला खातो. आता दुकानदाराच्या जागी जाऊन बघा. मी तुम्हाला जन्मभर पॅड फुकट द्यायचं कबूल केलंय. मी कुठला पॅड बसवीन? जो माझ्या दारात तुम्हाला उशिरा आणेल तो. आणि डिस्क? ती तर तुमच्या खर्चात आहे. प्रत्येक दुकान असं करतं असं मी म्हणत नाही. पण मोह कुठल्या बाजूला आहे ते कागदावरच दिसतं. दुसरा मोह असा की फुकट पॅडसाठी आलेला माणूस म्हणजे चाकं काढून उभा केलेला माणूस. कॅलिपर गळतोय, होज म्हणजे ऑइलची रबरी नळी फुगलीय, हे त्याला त्या वेळी सांगितलं तर तो चाकं हातात घेऊन दुसरीकडे थोडाच जाणार आहे?

कागदावर आपला विश्वास किती, हे आमच्या जळगाव जिल्ह्यात विचारू नये. आईच्या गोदरेजच्या कपाटात अजून एक प्लास्टिकची पिशवी आहे, तिच्यात पतसंस्थेच्या ठेवपावत्या. दामदुप्पट. गुळगुळीत कागद, हिरवी नक्षी, गोल शिक्का, चेअरमनची झोकदार सही. पतसंस्था बुडाल्या तेव्हा गल्लीत निम्म्या घरांत अशा पिशव्या होत्या. आई अजून ती पिशवी टाकू देत नाही. तिला पैसे मिळतील असं वाटत नाही, ते तिने केव्हाच सोडलं. पण "लिहून दिलंय त्यांनी," हे ती असं म्हणते की ऐकताना चूक तिचीच वाटते आणि लिहून देणाऱ्याची अजिबात नाही. मावसभावाने मोबाइलमधली पावती दाखवली तेव्हा मला ती पिशवी आठवली, आणि लगेच वाटलं, हे अन्यायाचं आहे. त्याचं दुकान चालू आहे. त्याला पॅड मिळाले आहेत.

मिस्तरीचा प्रश्न मात्र थट्टेचा नव्हता, हे पुढे कळलं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने गॅरंटीच्या जाहिरातींसाठी 1985 मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात हाच प्रश्न आहे. जाहिरातीत आयुष्यभर असं म्हणायचं असेल तर ते कोणाचं आयुष्य, हे ठळकपणे सांगा. उदाहरणंही गाडीच्या भागांची दिली आहेत: एक दुकान म्हणतं गाडी चालेल तोवर, मग मालक कोणी का असेना, दुसरं म्हणतं, तुम्ही मालक आहात तोवर. तिकडची बहुतेक दुकानं दुसऱ्या जातीची. गाडी विकली की गॅरंटी संपली, नव्या मालकाला ती मिळत नाही. म्हणजे भाऊ गाडी बदलेल त्या दिवशी त्याच्या "आयुष्याचा" शेवट. तिकडे लोक गाव बदलतात, नोकरी बदलतात, पावत्या हरवतात, गाडी ठोकून घेतात. या सगळ्यांनी न मागितलेल्या पॅडवर उरलेल्यांचे पॅड फुकट निघतात. आणि दुकान बंद पडलं तर पावती हातात राहते, एवढंच.

आपल्याकडे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, वस्तूच्या टिकण्याबद्दल पुरेशी चाचणी न करता दिलेली हमी, किंवा पाळली जाण्याची शक्यताच नसलेलं वस्तू बदलून देण्याचं वचन, या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापारी प्रथेत धरल्या आहेत. शिवाय आता तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, दुकान नाशिकला असलं तरी. हे चांगलं आहे. पण 2000 रुपयांच्या पॅडसाठी जळगावला तारखा करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. गाडीच्या कंपन्यांनी हा घोळ पहिल्यापासून टाळलाय; पॅड, शू, क्लच प्लेट, वायपरचं रबर, हे सगळं झिजणाऱ्या वस्तूंत टाकून वॉरंटीच्या बाहेर ठेवलंय. वाचताना चिडचिड होते, पण त्यात लपवाछपवी तरी नाही.

एक माणूस मात्र या गॅरंटीतून खरोखर कमावतो, तो भावाचा शेजारी. निवृत्त गृहस्थ, घराच्या दारातच जॅक लावून स्वतः पॅड बदलतो. तिकडे सुटे भाग विकणाऱ्या मोठ्या दुकानांत काही पॅड अशाच गॅरंटीने मिळतात: झिजलेला जोड आणा, पावती दाखवा, नवा घेऊन जा. मजुरी त्याची स्वतःची, डिस्कवर कोणता पॅड चांगला ते तो स्वतः ठरवतो, जुनी गाडी सोडायची त्याला इच्छा नाही. त्याने एकदा पैसे दिले आणि पॅड जन्मभराचे झाले. भाऊ हे सांगताना थोडा खट्टू झाला, कारण तेव्हाच त्याच्या लक्षात आलं की आपण ज्याचे पैसे देतो ते शेजारी हाताने करतो. आपल्याकडे हे होणे नाही. आपल्याकडे हात स्वस्त आहेत, म्हणून आपण स्वतःचे काळे करत नाही.

मिस्तरीचा मुलगा पुण्याला कंपनीत लागलाय. मिस्तरीचे गुडघे बसताना वाजतात, हल्ली तो चाकासमोर पाट घेऊन बसतो. मी त्याला कधी गॅरंटी मागितली नाही, त्यानेही कधी दिली नाही. पण मागे एकदा पॅड बदलल्यावर पेडल जरा मऊ लागतंय असं मी फोनवर म्हटलं, तर संध्याकाळी तो सायकलवर घरी आला, अंगणातच ब्रेकच्या पाइपातली हवा काढली आणि चहा पिऊन गेला. यावर भाबडेपणाने भाळायचं मी टाळते. उद्या तो नसेल तर मी काय करणार आहे? त्याच्याकडे कॉम्प्युटर नाही, एबीएसचा, म्हणजे चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा दिवा लागला तर तो हात वर करतो. अशा वेळी चकचकीत काउंटर, थंड खोली आणि आयुष्यभराचं कार्ड मला खूप मोहात पाडतं, आणि तो मोह पैशांचा नसतो. कोणीतरी एकदा म्हणावं की आता तुम्ही याची काळजी करू नका.

हे सगळं परत उकरून निघालं ते आमच्या शाळेतल्या एका मॅडममुळे. त्यांची बदली कन्नडला झाली, नवी गाडी घेतली, आणि धुळ्याच्या बाजूच्या एका वर्कशॉपने त्यांना आयुष्यभर पुढचे ब्रेक पॅड देण्याचं पॅकेज सांगितलं, एकरकमी 5000. "तू हिशेब कर," म्हणाल्या. मी केला. रोज घाट चढायचा, घाट उतरायचा, जाऊन-येऊन साठ-सत्तर किलोमीटर. असे पॅड दीडेक वर्षात संपणार. एका वेळेचे 2000 धरले तर तिसऱ्या जोडाला, म्हणजे साडेचार वर्षांत पैसे वसूल, आणि मॅडम गाडी दहा वर्षं वापरणाऱ्या, त्यांची आधीची गाडी भंगारवाल्याने नेली. मी सगळा वेळ ज्या कार्डाविरुद्ध बोलत होते ते त्यांच्या बाबतीत चक्क परवडत होतं. अट एकच, मजुरी त्यात धरली असली पाहिजे, नाहीतर सगळं गणित उलटं फिरतं. आणि पॅड कोणत्या कंपनीचा ते नावानिशी लिहिलेलं हवं, डिस्कची जाडी आज किती आहे तेही.

त्यांनी पॅकेज घेतलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, मजुरी छापील फॉर्ममध्ये नाही पण आम्ही घेत नाही. मॅडमनी त्याच्याकडून तेच पावतीच्या मागे हाताने लिहून घेतलं, तारीख, सही, शिक्का. जाडीचा आकडा मागितल्यावर मात्र त्याला आतून मॅनेजरला बोलवावं लागलं. ब्रेक ऑइल पॅकेजमध्ये नाही हेही तेव्हाच कळलं. ऑइल हवेतली ओल पितं. डॉट 4 या प्रतीचं नवं ऑइल मानकाप्रमाणे निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलेलं 155 ला उकळू शकतं, आणि उकळलं की पाइपात वाफ, पायाखाली पोकळी. दोन वर्षांनी ते बदलायचं असतं, आणि आमच्या स्टाफरूममध्ये कोणी बदलत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझी थोरली बहीण माहेरी येणार, तिला या वेळी तोरणमाळला जायचंय, तिथलाही घाट काही कमी नाही. मी मिस्तरीला फोन केला. "सोमवारले गर्दी ऱ्हास, मंगळवारले सकायमा या," तो म्हणाला, आणि ऑइलचा डबा येताना मीच आणायचा, बंद सीलचा.